'मेट्रो तो बंद है, सर': दिल्ली विमानतळावर १,९०० रुपयांना बसलेला फटका

जानेवारी २०२४. धुक्यामुळे आमचं पुण्याचं विमान साडेतीन तास उशिरा सुटलं आणि मी नि आई रात्री साडेनऊला दिल्लीच्या टर्मिनल ३ वर उतरलो. सकाळी नवी दिल्ली स्टेशनवरून हरिद्वारची गाडी होती, म्हणून मुक्काम पहाडगंजला. एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोने नवी दिल्लीला जायचं, माणशी ६० रुपये, वीसेक मिनिटं, हे मी घरूनच पाठ करून आलो होतो.

सामान घेऊन बाहेर आलो, मेट्रोची पाटी दिसली, तिकडे निघालो. तेवढ्यात गळ्यात कार्ड अडकवलेला एक नीटनेटका माणूस शेजारून चालायला लागला. "मेट्रो तो बंद है, सर. कोहरे की वजह से. सुबह खुलेगी." दिवसभर धुक्याचंच रडगाणं ऐकलेलं. विमान अडलं तर मेट्रोही अडली असेल, असं मला अगदी सहज पटलं. खाली स्टेशनात डोकावून यायला दोन-चार मिनिटं लागली असती. पण आईचे गुडघे, दोन बॅगा, पोटात भूक. त्याने ४५० रुपये सांगितले, मी हो म्हणालो.

गाडी टॅक्सीच्या रांगेत नव्हती, पार्किंगमध्ये होती. नंबरप्लेट पांढरी. भाड्याच्या गाडीची पिवळी असते हे मला काय ठाऊक नव्हतं? पण दमलेल्या माणसाला दिसतं सगळं, कळत काही नाही.

धौला कुआँ ओलांडल्यावर ड्रायव्हर म्हणाला, २६ जानेवारीच्या तयारीसाठी पोलिसांनी पहाडगंजचा रस्ता अडवलाय, हॉटेलला विचारून घ्या. नंबर मी वाचून दाखवला, फोन त्याने स्वतःच्या मोबाइलवरून लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "सॉरी सर, आपकी बुकिंग कैंसल हो गई है." ड्रायव्हरने हळहळ व्यक्त केली. (हळहळ फार छान होती, ते मान्य करायला हवं.) मग म्हणाला, कॅनॉट प्लेसला टुरिस्ट ऑफिस आहे, ते खोली मिळवून देतील.

ऑफिस म्हणजे एका गल्लीतलं दुकान. भिंतीवर भारताचा नकाशा, ताजमहालाचं पोस्टर, टेबलामागे स्वेटर घातलेला मुलगा. एका रात्रीचे साडेसहा हजार. मी खिसा चाचपत असताना आई मराठीत म्हणाली, "अरे, पण त्या फोनवाल्याने तुझं नाव तरी विचारलं का?"

नव्हतं विचारलं. मग कोणाचं बुकिंग रद्द झालं होतं?

बाहेर येऊन माझ्या फोनवरून हॉटेलला लावला. "आइए सर, कमरा तैयार है. रास्ता? रास्ता तो खुला है." म्हणजे मी नंबर वाचत होतो आणि तो भलताच नंबर लावत होता, स्वतःच्या साथीदाराचा.

तोवर ड्रायव्हरचा सूर बदलला होता. ४५० म्हणजे माणशी, झाले ९००. पार्किंगचे २००, रात्रीचे ३००, थांबल्याचे ५००. बॅगा डिकीत, किल्ली त्याच्या हातात. १,९०० मोजले तेव्हा डिकी उघडली. पावती कुठली असायला?

बॅगा ओढत बाबा खडकसिंग मार्गावर आलो. समोर शिवाजी स्टेडियम मेट्रो स्टेशन. त्यातून विमानाचे टॅग लटकवलेल्या सुटकेसी घेऊन माणसं वर येत होती. आमच्याच लाइनवरचं, विमानतळावरून येताना नवी दिल्लीच्या आधीचं स्टेशन ते. मी एका मुलाला विचारलं, मेट्रो चालू आहे? त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

दिल्लीला जाणाऱ्यांनो, ही लाइन टर्मिनल २ आणि ३ ला लागते. टर्मिनल १ ला उतरलात तर तिथलं स्टेशन वेगळं, मॅजेंटा लाइनवरचं. नवी दिल्लीचं मेट्रो स्टेशन अजमेरी गेटच्या बाजूला आहे, पहाडगंज रेल्वेच्या पलीकडे. मधले १६ फलाट पुलावरून ओलांडावे लागतात, आणि तिथेही 'हॉटेल बंद झालं' सांगणारे भेटतात. फोन आपलाच वापरा. टॅक्सीच हवी असेल तर पोलिसांच्या प्रीपेड बूथवर पैसे भरा आणि ती चिठ्ठी ठिकाणी पोचेपर्यंत ड्रायव्हरच्या हाती देऊ नका. आणि मेट्रो चालू आहे की बंद, हे स्टेशनात उतरून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

परतीला आम्ही नवी दिल्लीहून मेट्रोनेच विमानतळ गाठला. दोघांचे मिळून १२०. डब्यात बॅगा ठेवायला वेगळी जागा होती. बाहेर धुकं इतकं दाट होतं की शेजारचा रस्ता दिसेना. आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "बंद असूनसुद्धा बरीच जोरात जातेय की रे."