आयएनएन: स्वतःचा न्यूज सर्व्हर चालवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात एका लहानशा डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) यंत्रावर मी आयएनएन हा युजनेटचा, म्हणजे विषयवार गटांत लेख टाकून चर्चा करण्याच्या जुन्या जाळ्याचा, सर्व्हर बसवला आणि तेव्हापासून तो चालू आहे. पुणे, नाशिक आणि जर्मनीत विखुरलेल्या आमच्या काही जुन्या सहकाऱ्यांना तांत्रिक चर्चेसाठी स्वतःचे गट हवे होते आणि त्याच जागी युजनेटवरचे निवडक मजकूर-गटही वाचायचे होते. आयएनएनबद्दल आजवर जे लिहिले गेले आहे त्यात बसवण्याचे टप्पे भरपूर सापडतात. पण तो रोज सांभाळताना काय पाहावे लागते आणि का, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या प्रणालीचा पूर्वेतिहास ठाऊक असला तर तिच्या फाइली लवकर कळतात. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी युजनेटची कल्पना मांडली आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिची पहिली आवृत्ती शेल स्क्रिप्टमध्ये लिहिली. लेख एका युनिक्स यंत्रावरून दुसऱ्यावर टेलिफोनच्या तारेने, यूयूसीपी या युनिक्स यंत्रांत फाइली पाठवण्याच्या व्यवस्थेमार्फत जात. पुढे बी न्यूज हे सुधारित सॉफ्टवेअर आले आणि त्यानंतर टोरांटो विद्यापीठातल्या जेफ कॉलियर आणि हेन्री स्पेन्सर यांनी वेगाच्या प्रश्नाला हात घालणारे सी न्यूज लिहिले. १९८६ च्या आरएफसी ९७७ या मानक-दस्तऐवजाने एनएनटीपी हा इंटरनेटवरून लेख देण्याघेण्याचा शिष्टाचार ठरवून दिला आणि १९९२ मध्ये रिच साल्झ यांनी आयएनएन जाहीर केले. शेजारच्या, म्हणजे लेखांची देवाणघेवाण करणाऱ्या, प्रत्येक सर्व्हरच्या जोडणीसाठी वेगळी प्रक्रिया सुरू न करता, ‘इनडी’ ही एकच प्रक्रिया सतत चालू ठेवून तिच्याकडून सगळ्यांचे लेख घ्यायचे, ही त्यांची मुख्य योजना होती. ती आजही तशीच आहे, आणि माझ्या यंत्रावर तिचा भार जाणवतही नाही.

या सर्व्हरचा प्राण म्हणजे ‘हिस्टरी’ ही फाइल. व्यवस्थापकाने पहिल्या आठवड्यात दुसरे काही वाचले नाही तरी चालेल, पण ही फाइल उघडून जरूर पाहावी. तिची प्रत्येक ओळ एका लेखाची नोंद असते: प्रथम चौकटी कंसात लेखाच्या ओळख-क्रमांकावरून काढलेला ३२ अक्षरांचा हॅश (ठशासारखी सांकेतिक खूण), मग लेख कधी आला, कधी कालबाह्य होणार आणि मुळात कधी लिहिला गेला हे सेकंदांत सांगणारे, मध्ये नागमोडी चिन्ह असलेले आकडे, आणि शेवटी लेख साठ्यात कुठे ठेवला आहे ते सांगणारे टोकन. लेख पुसला गेला की टोकन जाते, पण उरलेली ओळ काही दिवस मुद्दाम राखली जाते. शेजारचा सर्व्हर ‘हा लेख तुमच्याकडे आहे का’ असे विचारतो तेव्हा इनडी याच फाइलीत पाहून २३८ म्हणजे ‘पाठवा’ किंवा ४३८ म्हणजे ‘नको’ असे उत्तर देते. दोन-तीन शेजारी असले की तोच लेख सगळ्यांकडून देऊ केला जातो आणि एकाकडूनच घेतला जातो. त्यामुळे दैनिक अहवालात ‘नाकारले’ या रकान्यात मोठे आकडे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. एक वाट बंद पडली तरी दुसरीने लेख येतील, याचीच ती खूण आहे.

याच्याशी जोडलेल्या दोन मर्यादा एकत्रच समजून घ्याव्या लागतात. ‘इन.कॉन्फ’ या मुख्य संरचना-फाइलीतील ‘आर्टकटऑफ’ ही मर्यादा मुळात १० दिवसांची असते. त्याहून जुनी तारीख असलेला लेख सर्व्हर घेत नाही. ‘एक्स्पायर.सीटीएल’ या लेख कधी पुसायचे ते ठरवणाऱ्या फाइलीतील ‘रिमेंबर’ या ओळीत ११ असते; म्हणजे लेख लवकर गेला तरी त्याची नोंद किमान ११ दिवस राहते. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा का, हे लक्षात आले की साऱ्या यंत्रणेची तर्कसंगती उलगडते: नोंद आधी विसरली गेली आणि तारखेची मर्यादा अजून ओलांडलेली नसली, तर कुठल्यातरी संथ वाटेने फिरून आलेली जुनी प्रत नवा लेख म्हणून पुन्हा आत शिरेल आणि शेजाऱ्यांकडेही जाईल. जागा वाचवण्यासाठी हा आकडा कमी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

माझी खरी तक्रार संरचना-फाइलींविषयी आहे. त्या अनेक काळांत, अनेक हातांनी घडल्या आहेत आणि ते दिसते. कोणत्या शेजाऱ्याला काय पाठवायचे ते सांगणाऱ्या ‘न्यूजफीड्स’मध्ये अपूर्णविरामांनी तोडलेल्या ओळी आहेत, कोणाला वाचू द्यायचे ते सांगणाऱ्या ‘रीडर्स.कॉन्फ’मध्ये महिरपी कंस आहेत, आणि नियम लागू होण्याचा क्रमही एकसारखा नाही. ‘एक्स्पायर.सीटीएल’ आणि ‘रीडर्स.कॉन्फ’मध्ये शेवटचा जुळणारा नियम चालतो, तर लेख कुठे साठवायचे ते सांगणाऱ्या ‘स्टोरेज.कॉन्फ’मध्ये पहिला. हे सारे मॅन-पृष्ठांत (सॉफ्टवेअरसोबतच्या माहितीपत्रांत) स्पष्ट लिहिलेले आहे, परंतु नवख्या माणसाने ते शोधायचे कुठे? इतक्या काळजीने राखलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही विसंगती खटकते. ‘इनचेक’ हा तपासणीचा आदेश बऱ्याच चुका पकडतो. प्रत्येक बदलानंतर तो चालवावाच, आणि ‘न्यूज’ या वापरकर्त्याच्याच नावाने चालवावा. रूट (यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून देखभालीचे आदेश दिले की नव्या फाइलींची मालकी बदलते आणि इनडीला त्यांत लिहिता येत नाही.

‘न्यूजफीड्स’मधील एक बारकावा मात्र मला फार आवडला. गटाच्या नावाआधी उद्गारचिन्ह दिले तर तो गट वगळला जातो, पण तोच लेख दुसऱ्या एखाद्या मान्य गटातही टाकलेला असेल तर तो पुढे जातोच. त्याऐवजी ‘ॲट’चे चिन्ह दिले तर त्या गटाचा स्पर्श झालेला लेख कुठल्याच वाटेने जात नाही. बाइनरी फाइलींचे गट शेजाऱ्यांकडे जाऊ नयेत यासाठी हे दुसरे चिन्हच हवे.

साठवणीच्या पद्धती निवडता येतात. आमच्या स्थानिक गटांसाठी मी ‘ट्रॅडस्पूल’ ठेवले आहे, ज्यात प्रत्येक लेख गटाच्या नावाच्या फोल्डरात स्वतंत्र फाइल म्हणून राहतो आणि ग्रेप या साध्या शोध-आदेशाने शोधता येतो. बाहेरच्या गटांसाठी ‘सीएनएफएस’ आहे. ठरावीक आकाराच्या या साठ्यात जागा भरली की सर्वांत जुन्या लेखांवर नवे लिहिले जातात, त्यामुळे डिस्क भरण्याची चिंता राहत नाही.

शेजारी मिळवणे मला वाटले होते त्याहून सोपे गेले. फीडच्या, म्हणजे सर्व्हरांमधल्या लेख-प्रवाहाच्या, देवाणघेवाणीसाठीच एक गट आहे. तिथे नीट ओळख देऊन विचारले की उत्तरे येतात, आणि बहुतेकांची पहिली अपेक्षा ‘क्लीनफीड’सारखी कचरा-लेख अडवणारी गाळणी लावलेली असावी हीच असते. गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून युजनेटशी देवाणघेवाण थांबवली, त्यानंतर कचरा पुष्कळ घटला आहे. तरी गाळणी काढू नये.

मराठीपुरते सांगायचे तर ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट आमच्या यादीत आहे. एकेकाळी परदेशातली मराठी मंडळी तिथे रोमन लिपीत लिहीत. आज देवनागरीत लिहायला सर्व्हरची कुठलीच आडकाठी नाही. आयएनएन लेखाच्या मजकुराला हात लावत नाही, वाचकाच्या प्रोग्रामने लेखाच्या वर यूटीएफ-८ या लिपी-संकेताची नोंद (हेडर) बरोबर लावली की झाले. आमच्या स्थानिक गटांत जोडाक्षरांसकट सारे व्यवस्थित उमटते.

बॅकअपविषयी एक सूचना आवर्जून करतो. संरचना-फाइली आणि स्थानिक लेख सगळेच जपतात. ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘हिस्टरी’ याही जपाव्यात. ‘ॲक्टिव्ह’मध्ये प्रत्येक गटाचा शेवटचा लेख-क्रमांक असतो, आणि तो मागे गेला तर नवे लेख येऊनही वाचकांना ते वाचलेलेच दिसतात. ‘हिस्टरी’ हरवली तर ‘मेकहिस्टरी’ ती साठ्यावरून पुन्हा बांधून देते, मात्र साठ्यात आता नसलेल्या लेखांच्या नोंदी परत येत नाहीत. तशी वेळ आलीच तर शेजाऱ्यांना आधी कळवावे आणि मगच फीड सुरू करावे.