‘यूके लीगल करून देतो’ म्हणणाऱ्याकडे गेलेले 132 पौंड 50 पेन्स

चाकू 64 पौंड, ‘बदल’ 45, ‘कायदेशीर असल्याचं प्रमाणपत्र’ 15, टपाल 8.50. एकूण 132 पौंड 50 पेन्स, ‘चाकू कायद्यात बसेल असा बदलून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या थेट बँक खात्यात. इंग्लंडमध्ये राहून भटकंतीला किंवा बागकामाला घडीचा चाकू खिशात ठेवणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहितोय, कारण तोच विक्रेता आता दुसऱ्या नावाने जाहिरात करतोय.

नियम मला पाठ होते, म्हणूनच जास्त चीड येते. 1988 च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टच्या कलम 139 मध्ये सार्वजनिक जागी धारदार वस्तू बाळगायला बंदी आहे. तिच्यातून घडीच्या खिशातल्या चाकूला सूट आहे, पण धार 3 इंचांच्या, म्हणजे 76.2 मिलिमीटरच्या आत हवी. आणि 1993 च्या हॅरिस खटल्यापासून हेही पक्कं आहे की उघडलेलं पातं खटक्याने अडकत असेल, मिटण्याआधी काही दाबावं किंवा सरकवावं लागत असेल, तर ती सूट संपली. मग पातं इंचभर का असेना. मग चाकू सोबत का आहे याचं सबळ कारण तुम्ही सिद्ध करायचं. शिक्षा 4 वर्षांपर्यंत. (भारतातली 9 इंच लांबी आणि 2 इंच रुंदीची मोजमापं इथे चालत नाहीत. गावाहून आणलेला चाकू घरातच ठेवा.)

त्याच्याकडे लायनर लॉकचा चाकू होता (उघडल्यावर मुठीतली पट्टी पात्यामागे येऊन त्याला अडकवते, तोच खटका), धार 86 मिलिमीटर. खटका काढतो, धार 74 वर आणतो, असं ठरलं. काम झाल्याचा व्हिडिओ त्याने पैसे घेण्याआधी पाठवला. त्यात मुठीची पाठ पोकळ होती. दोन बारीक खांब आणि मधून आरपार उजेड. तिथेच थांबायला हवं होतं. बिनखटक्याच्या बहुतेक चाकूंत पातं उघडं धरून ठेवते ती मुठीच्या पाठीत बसवलेली जाड पोलादी स्प्रिंग. मिटताना ती आधी विरोध करते, मग पातं झटकन आत ओढते. पाठ पोकळ, म्हणजे स्प्रिंग नाही. स्प्रिंग नाही, तर खटका काढल्यावर पातं धरणार काय? हे मला माहीत होतं. तरी मी पाहिलं ते फक्त पात्याशेजारी ठेवलेली मोजपट्टी. त्याची आधीची कामं स्वच्छ दिसत होती, बोलणं जाणकाराचं होतं. माझ्या जागी दुसराही फसला असता.

आलेल्या चाकूत खटक्याची पट्टी कापलेलीच नव्हती. ती बाहेर ओढून मुठीच्या आतल्या बाजूला इपॉक्सीने चिकटवली होती. ती पट्टीच मुळात वाकवलेली, सतत आत यायला बघणारी. त्यात तेलकट पोलाद. अकराव्या दिवशी डिंक सुटला आणि ‘टक्’ करून खटका पुन्हा पडला. मिटलेलं पातं धरणारी गोळीही त्याच पट्टीत असते, म्हणून पातं हलू नये यासाठी बिजागरीचा स्क्रू त्याने आवळून ठेवला होता. एका हाताने चाकू उघडेना, तेव्हाच शंका घ्यायची. व्हर्नियर लावला तर धार 79 मिलिमीटर. टोकाला निळी-जांभळी झाक, म्हणजे घासताना तापून पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलेलं. पुठ्ठा कापतानाच टोक वळलं. पातं आखूड करायचं तर पाठीकडून धारेकडे उतरतं घासायचं, दर दोन-तीन घासण्यांनंतर पाण्यात बुडवायचं, बोटाला चटका बसला की थांबायचं. धारेकडून वर घासलं तर नवं टोक पाठीजवळ जातं आणि मिटल्यावर मुठीबाहेर डोकावतं.

आणि प्रमाणपत्र! चाकू कायदेशीर असल्याचं प्रमाणपत्र देणारी कुठलीही सरकारी व्यवस्था या देशात नाही. लॅमिनेट केलेल्या त्या कागदाचे 15 पौंड.

फसवणुकीच्या तक्रारीच्या फोनवर 47 मिनिटं थांबवून उत्तर मिळालं: वस्तू पोहोचली ना, मग हा दिवाणी वाद. बँकेचंही तेच. 7 ऑक्टोबर 2024 पासून फसवून करवून घेतलेल्या हस्तांतरणाची भरपाई देणं बँकांवर बंधनकारक आहे, पण माल आला आणि तो सांगितल्यासारखा नाही, एवढ्यावर ती मिळत नाही. मिळाली असती तरी 100 पौंडांपर्यंत बँक कापून घेऊ शकते. ग्राहक सल्लावाल्यांनी विक्रेत्याला पत्र लिहा म्हणून सांगितलं. कुठल्या पत्त्यावर? पोलीस चौकीतून तर सांगण्यात आलं की चाकू घेऊन या! ज्या चाकूसह रस्त्यावर सापडलो तर मीच आरोपी, तो खिशात घालून चौकीपर्यंत चालत जायचं? हे मी विचारलं तेव्हा पलीकडून एक संदर्भ क्रमांक मिळाला आणि फोन संपला. फसवणारा मोकळा, आणि जपून राहायचं ते आम्ही.

पैसे खात्यात टाकू नका, क्रेडिट कार्डाने द्या. 100 पौंडांवरच्या वस्तूसाठी 1974 च्या कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम 75 हाताशी राहतं, म्हणजे पैसे कार्ड कंपनीकडेही मागता येतात. खटक्याचा चाकू बदलून घेण्याच्या फंदातच पडू नका. व्हिक्टोरिनॉक्सच्या 91 मिलिमीटरच्या चाकूचं मोठं पातं अडकत नाही. 111 वाले बहुतेक अडकतात, तिथे सावध. ओपिनेल घ्यायचा तर 5 नंबरपर्यंतचा, 6 पासून अडकवणारी कडी येते. स्पायडर्कोचा यूके पेननाइफ तर याच नियमासाठी बनवलेला आहे.

त्याच्या नव्या जाहिरातीतही ‘प्रमाणपत्रासह’ लिहिलंय, आणि फोटोतल्या चाकूची पाठ तशीच पोकळ आहे.