पहिला कॅमेरा, पहिली लेन्स: १८-५५ की ५० मिमी?

एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा ठरला, की प्रश्न उरतो लेन्सचा: सोबत येणारी १८-५५ मिमीची झूम घ्यावी की एफ १.८ ची, झूम नसलेली ५० मिमी? (मिमीचा आकडा लहान तितका जास्त भाग चौकटीत; एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते.)

मेणवलीच्या घाटावर उभे राहा. दहा मीटर रुंदीचा भाग चौकटीत बसवायला १८ मिमीला साधारण आठ मीटर अंतर पुरते. ५० मिमीला एकवीस मीटर मागे सरकावे लागते, आणि मागे तर कृष्णामाई! वाईतल्या देवळांसाठी, ठोसेघरच्या धबधब्यासाठी, सज्जनगडावरून दिसणाऱ्या दऱ्यांसाठी १८-५५ च बरी.

संध्याकाळी घरात मात्र बाजी उलटते. ५५ मिमीला ही लेन्स एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ ला जवळपास दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे शटर १/१५ ऐवजी १/१५० सेकंदच उघडे राहते आणि खेळणारे पोर हललेले येत नाही. पण दीड मीटरवरून फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम सहा सेंटिमीटर: डोळा स्पष्ट, कान धूसर. एफ २.८ वर या आणि फोकसबिंदू स्वतः डोळ्यावर ठेवा.

कासच्या इवल्या फुलांसाठी ५० मिमी घेऊ नका. ती फारशी जवळ फोकस करत नाही, १८-५५ अधिक जवळ जाते. (फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांना कुठलीच लेन्स देऊ नये.)

जुनी ५० मिमी घेताना जपा: निकॉनच्या डी३५०० सारख्या कॅमेऱ्यात फोकस मोटर नसते, त्यावर एएफ-डी (स्वतःची मोटर नसलेली जुनी निकॉन) लेन्स फोकससाठी हातानेच फिरवावी लागते.

एकच घ्यायची तर १८-५५.