मेडिसिनच्या अॅडमिशनची गॅरंटी, आपला मराठी माणूस आणि आमचे १,४५० पाउंड

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला, अगं आमचा यिअर १२ मधे (आपली अकरावी) आहे, ह्या कन्सल्टंटबद्दल काही माहितीये का, आणि सोबतचा फोटो बघून माझ्या पोटात गोळाच आला. कंपनीचं नाव नवीन, माणूस तोच, आम्हाला फसवणारा. म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहितेय.

आम्ही रीडिंगला राहतो, इंग्लंडात येऊन १५ वर्षं झाली, पण इथलं सिक्स्थ फॉर्म (आपली अकरावी-बारावी), ए लेव्हल्स (त्याच्या शेवटच्या परीक्षा), यूकॅस (युनिव्हर्सिटीचे अर्ज जिथून जातात ती संस्था) हे सगळं लेक त्यात जाईपर्यंत आम्हाला धड कळलेलं नव्हतं. त्यात मी लातूरची. बारावी म्हटलं की क्लास आणि जेवढी फी मोठी तेवढा क्लास भारी, हे डोक्यात फिट्ट बसलेलं. लेकीच्या शाळेत दर गुरुवारी करिअर्स अॅडवायझर बसायची, कोणीही जाऊन विचारा, आणि फुकट आहे म्हणूनच मला तिच्यावर भरवसा नव्हता, खरं सांगते. "ती काय सांगणार, ब्रोशर देईल" असं मीच लेकीला म्हटलेलं.

२०२४ च्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत हा भेटला. गोड बोलणारा, मला ताई, नवऱ्याला दादा. लेक बायोलॉजी, केमिस्ट्री, मॅथ्स करतेय आणि मेडिसिनला जायचंय म्हटल्यावर लगेच, "ताई, पोरगी हुशार आहे हो, पण इथे नुसत्या हुशारीवर मेडिसिन मिळत नाही, सिस्टीम माहीत पाहिजे." मग तीन महिने अधूनमधून फोन. पॅकेजमधे काय काय होतं बघा, यूकॅटची तयारी, बीमॅटची तयारी (दोन्ही मेडिसिनच्या प्रवेश परीक्षा), हॉस्पिटलमधे वर्क एक्सपिरियन्स, ऑक्सफर्डच्या डॉक्टरने लिहिलेलं पर्सनल स्टेटमेंट (अर्जात स्वतःबद्दल लिहायचं ते), आणि वर "शाळेशी बोलून प्रेडिक्टेड ग्रेड्स वाढवून घेऊ" (म्हणजे ए लेव्हलला काय मिळेल त्याचा शाळेचा अंदाज). चारपैकी एक तरी ऑफर नाहीतर पैसे परत. (मेडिसिनला यूकॅसवर चारच युनिव्हर्सिटी टाकता येतात, पाचवा चॉइस दुसऱ्या कोर्सचा, एवढं त्याला बरोबर माहीत होतं.) प्रेडिक्टेड ग्रेड्स शिक्षक देतात, बाहेरचा कोणी फोन करून ते वाढवू शकत नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. उलट बरं वाटलं!

जानेवारी २०२५ मधे पैसे दिले, ७०० आणि ७५० असे दोन हप्ते. कार्ड चालत नाही, ट्रान्सफरच करा म्हणाला. बँकेच्या अॅपवर चक्क लाल अक्षरात आलं की खात्याचं नाव जुळत नाही. नवऱ्याने फोन केला तर हा हसून म्हणे, "दादा, बिझनेस अकाउंट नवीन आहे, तुम्ही पुढे जा." आणि आम्ही गेलो.

सुरुवातीला झूमवर तीन-चार सेशन झाले, मग नुसत्या व्हिडिओच्या लिंका यायला लागल्या. लेकीला पहिली शंका बीमॅटवरून आली. ती म्हणे आई, ही परीक्षाच बंद झालीये, शेवटची ऑक्टोबर २०२३ मधे झाली. मी तिलाच दटावलं की सरांना जास्त कळतं. मग यूकॅटच्या व्हिडिओत अर्धा वेळ अॅबस्ट्रॅक्ट रीझनिंग, म्हणजे ते आकृत्यांचे पॅटर्न ओळखायचे, आणि तो सेक्शन २०२५ पासून काढूनच टाकलेला. पोरगी फेब्रुवारी-मार्चमधे रोज रात्री ते करत बसली होती. यूकॅट वर्षात एकदाच देता येते, २०२५ मधे फी ७० पाउंड होती, आणि सरावाच्या टेस्ट त्यांच्याच साइटवर फुकट आहेत, ज्यावर ती शेवटी जुलैत स्वतःच बसली.

हॉस्पिटलमधला वर्क एक्सपिरियन्स म्हणजे काय निघालं तर एक लिंक. रॉयल कॉलेज ऑफ जीपीज्‌चा ऑब्झर्व्ह जीपी (जीपी म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर) नावाचा ऑनलाइन कोर्स. कोर्स चांगला आहे हो, पण तो १६ वर्षांवरच्या कुठल्याही मुलाला फुकट आहे. आम्ही त्याचे पैसे मोजले. आणि लेक दर शनिवारी इथल्या केअर होममधे काम करते, म्हाताऱ्या माणसांना भरवते, त्यांच्याशी बोलत बसते, ते मात्र लिहू नका म्हणाला, "जरा लो वाटतं". शाळेतली अॅडवायझर नंतर म्हणाली की मेडिकल स्कूलवाले नेमकं हेच तर बघतात.

ऑगस्टमधे पर्सनल स्टेटमेंट आलं. एक सलग निबंध, लहानपणापासून मानवी शरीराचं कुतूहल वगैरे, त्यात आजीचा हार्ट अटॅक. आमच्या दोन्ही आज्या ठणठणीत आहेत! लेकीने यूकॅसचा फॉर्म उघडून लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. २०२६ च्या प्रवेशापासून तो सलग निबंध बंदच झालाय, त्याऐवजी तीन प्रश्न, तीन वेगळे चौकोन, हा कोर्स का, अभ्यासातून तयारी काय झाली, अभ्यासाबाहेर काय केलं. मिळून ४,००० कॅरॅक्टर, प्रत्येकात किमान ३५०. म्हणजे आमच्यासाठी कोणी काही लिहिलंच नव्हतं, जुन्या कुणाचं तरी शिळं उचलून दिलेलं. आणि यूकॅस प्रत्येक स्टेटमेंट जुन्यांशी ताडून बघतं, मिळतंजुळतं निघालं तर युनिव्हर्सिट्यांना कळवतं. ते तसंच भरलं असतं तर कॉपी आमच्या पोरीच्या नावावर लागली असती. पैशापेक्षा ह्याने माझी झोप उडाली.

मी त्याला फोन केला. ताई, ताई करत होता तो, रिफंड म्हटल्यावर आवाजच बदलला, मग ब्लॉक.

बँक म्हणाली त्याने काहीतरी सर्व्हिस दिली आहे, म्हणजे हा तुमचा आपसातला वाद, फ्रॉडच्या रिफंडमधे बसत नाही. क्रेडिट कार्डने दिले असते तर १०० पाउंडांच्या वरच्या खरेदीला कायद्याच्या सेक्शन ७५ खाली कार्ड कंपनीकडे मागता आले असते, "कार्ड चालत नाही" का ते तेव्हा समजलं. सिटिझन्स अॅडव्हाइसने (लोकांना फुकट सल्ला देणारी संस्था) सांगितलं की असं घरबसल्या, ऑनलाइन घेतलेल्या सर्व्हिसला १४ दिवसांत कॅन्सल करायचा हक्क असतो आणि समोरच्याने तो कळवलाच नाही तर मुदत वर्षभरापर्यंत वाढते. त्याने तर साधी पावतीसुद्धा दिली नव्हती. तसं पत्र पाठवलं, ते परत आलं. मग कंपनीज हाउसच्या (इथलं कंपन्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं) साइटवर नाव टाकलं, फुकट दिसतं, दोन मिनिटांचं काम. आम्ही पैसे दिले तेव्हा कंपनी जेमतेम चार महिन्यांची होती आणि आता स्ट्राइक ऑफच्या, म्हणजे नोंदणीतून नाव काढलं जायच्या मार्गावर. हे आम्ही जानेवारीत का नाही बघितलं, तर गणपतीत भेटलेल्या मराठी माणसाचं काय बघायचं.

सप्टेंबरात लेक त्या गुरुवारवाल्या बाईंकडे गेली. तिथे बसून तीन आठवड्यांत तिन्ही उत्तरं तिने स्वतः लिहिली, केअर होमसकट, आणि १५ ऑक्टोबरच्या डेडलाइनच्या दोन दिवस आधी फॉर्म गेला. ब्रोशर काही मिळालं नाही :)

आमच्यासारखी अजून दोन घरं सापडली आहेत, एक स्लाउचं, एक स्विंडनचं. सिटिझन्स अॅडव्हाइसमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (ग्राहकांची फसवणूक बघणारं कौन्सिलचं खातं) तक्रार गेलीये, पण जितके जास्त लोक तितकं बरं. गणपतीत किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात मेडिसिनची गॅरंटी देणारा असा कोणी भेटला असेल, पैसे दिले असोत वा नसोत, मला मेसेज करा, आणि त्याचे जुने मेसेज डिलीट करू नका.