पुढची स्प्रिंग आधी की मागचे शॉकअप आधी?

साडेतीनशे सीसीची, जुन्या धाटणीची, मागे दोन शॉकअप असलेली गाडी हाताशी आहे, तिचे सस्पेन्शन सुधारायचे आहे, पण खिसा एकाच वेळी दोन्ही बाजूंना पुरणारा नाही, अशा माणसापुढे प्रश्न एवढाच उरतो की पैसे आधी मागे घालावेत की पुढे. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यातले बहुतेक जण मागून सुरुवात करतात आणि त्यात गैर काही नाही. गॅसचे शॉकअप डोळ्यांत भरतात, बाजूची लहान टाकी उठून दिसते, बसवायला फारसा वेळ लागत नाही आणि घरी परतताना पहिल्याच खड्ड्यात फरक कळतो. फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, आत घातलेली स्प्रिंग कोणाला दाखवताही येत नाही. माझ्या मेहुण्यांनी पहिला मार्ग धरला आणि मी, त्याच मॉडेलच्या गाडीवर, दुसरा. दोन्ही गाड्या आम्ही एकमेकांच्या चालवतो, त्या आधारावर हे लिहीत आहे. मोजमापाची यंत्रे माझ्यापाशी नाहीत. कंबर आणि मनगटे आहेत.

खर्चाआधी टायरमधली हवा पुस्तिकेत दिली आहे तेवढी ठेवावी, कोनसेट (हँडल वळते तिथले बेअरिंग) ढिला झालेला नाही ना आणि स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश झिजलेले नाहीत ना, हे पाहून घ्यावे, आणि मगच शॉकअपला दोष द्यावा. मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग मुळातच किती दाबून बसवायची ते, चढवला की स्प्रिंग कडक होते, हा समजही सर्रास आढळतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरतो. प्रीलोडने गाडी फक्त उंच बसते. एकट्याने चालवताना प्रीलोडच्या सहाव्या टप्प्यावर ठेवलेली गाडी सीटवरून उडवते, त्याचे कारण हेच, की शॉकअप जवळजवळ पूर्ण उघडलेलाच असल्यामुळे चाकाला खड्ड्यात उतरायला जागा उरत नाही.

आता मागच्या शॉकअपच्या बाजूने जे बोलायला हवे ते आधी बोलतो. आमच्या गाड्यांना कारखान्यातून आलेले शॉकअप इमल्शन प्रकारचे आहेत, म्हणजे ऑइल आणि वायू एकत्रच, मध्ये पडदा नाही. एरवी याने काही बिघडत नाही. पण जांबोटी सोडून कणकुंबीकडे निघाल्यावर सलग उखडलेला रस्ता लागला की आतले ऑइल घुसळून फेसाळते, फेस पिस्टनच्या छिद्रांतून सहज निसटतो, आणि सुरुवातीला सावरून चालणारी गाडी काही अंतरानंतर मागून डुलायला लागते. टाकीवाल्या गॅस शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजन सरकत्या पिस्टनने ऑइलपासून वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे फेसाचा प्रश्न बहुतांशी मिटतो, शिवाय ऑइल जास्त मावते आणि उशिरा तापते. थायलंडच्या वायएसएसपासून स्वीडनच्या ओलिन्सपर्यंत टाकीवाल्या शॉकअपांची मूळ तऱ्हा हीच आहे. फरक किमतीचा, घडणीतल्या नेमकेपणाचा आणि ॲडजस्टमेंटच्या टप्प्यांचा. मेहुण्यांच्या मागे बसून चोर्ला घाटापर्यंत जाऊन आल्यावर वहिनी म्हणाल्या, “आज कंबर आहे हे आठवलंच नाही.” या शिफारशीला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही.

तरीही ज्या एका त्रासाने माझा कौल ठरला, तो मागचा नव्हे, पुढचा होता. बेळगावाहून वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, सुळगा, तुरमुरी करत बाचीकडे जाताना गतिरोधक लागत राहतात, आणि पांढरे पट्टे पुसलेला गतिरोधक झाडाच्या सावलीत किंवा तिन्हीसांजेला अगदी जवळ आल्याखेरीज दिसत नाही. दिसताक्षणी हात पुढच्या ब्रेकवर जातो, फोर्क खाली बसतो, आणि चाक उंचवट्यावर चढते ते फोर्क आधीच दबलेला असताना. फोर्क एकूण १३० मिमी दबू शकतो, त्या प्रवासातला सुमारे तिसरा हिस्सा गाडीच्या आणि माझ्या वजनानेच खर्ची पडलेला असतो, उरलेल्यातला मोठा भाग ब्रेक खातो, आणि गतिरोधकाच्या वाट्याला जे काही शिल्लक राहते ते एका फटक्यात संपते. मग ‘खट्ट’ असा, धातूवर धातू आदळल्यासारखा आवाज होतो आणि तो हँडलमधून थेट मनगटात उतरतो.

हा केवळ मनाचा खेळ नाही ना, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवर, सीलच्या (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) वर, प्लास्टिकची केबल-टाय बेताने घट्ट बांधावी. फोर्क जितका दबेल तितकी सील तिला वर ढकलते आणि ती तिथेच राहते. कॅम्पातल्या एका सपाट, मोकळ्या रस्त्यावर, एकही खड्डा न लागता, केवळ ब्रेक जोरात लावल्यावर माझी टाय फोर्क पूर्ण दबल्याच्या खुणेपासून जेमतेम दोन बोटांवर जाऊन थांबली. म्हणजे गतिरोधकासाठी माझ्याजवळ तेवढीच दोन बोटे होती.

जाणकार म्हणतील की गतिरोधकाच्या अगदी आधी पुढचा ब्रेक सोडावा, म्हणजे फोर्क पुन्हा उघडतो. हे खरे आहे आणि दिसलेल्या गतिरोधकावर मीही तेच करतो. पण उसाच्या हंगामात पुढे दोन ट्रॉल्यांचा, मागचे दिवे नसलेला ट्रॅक्टर आणि मागे हॉर्न वाजवणारी बस, अशा गर्दीत ब्रेक नेमका केव्हा सोडायचा याचे गणित दर वेळी जमतेच असे नाही, आणि सस्पेन्शनकडून माझी अपेक्षा अशी की न जमलेल्या वेळीही त्याने थोडे सांभाळून घ्यावे.

आमचे मेकॅनिक वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत. त्यांचा सल्ला असा होता : “कशाला एवढं उलगडत बसताय ओ, पुढं जरा घट्ट ऑइल मारूया आणि मागं गॅसचे घाला की.” घट्ट ऑइलचा उपाय स्वस्त आहे आणि पुष्कळांना तो पुरतोही. माझी शंका अशी होती की आपल्या साध्या फोर्कमध्ये ऑइल ठरावीक छिद्रांतून जाते आणि त्याचा विरोध वेग वाढेल तसा वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ब्रेकने फोर्क खाली जातो ती हालचाल त्या मानाने संथ, तिथे घट्ट ऑइल थोडाच अडथळा करते. खड्ड्याची धारदार कड मात्र फोर्कला क्षणार्धात ढकलते आणि तिथे तेच ऑइल भिंतीसारखे उभे राहते. शिवाय ऑइल घट्ट केल्याने फोर्कला खाली जायला वेळ अधिक लागतो इतकेच. किती खाली जाणार हे मुख्यतः स्प्रिंग ठरवते.

म्हणून मी मूळच्यापेक्षा कडक स्प्रिंगची जोडी घेतली, तीही प्रोग्रेसिव्ह नव्हे, लिनिअर, म्हणजे शेवटपर्यंत सारख्याच कडकपणाची. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग सुरुवातीला मऊ आणि पुढे कडक होत जाते, त्यामुळे शहरात बारीक खडबड ती छान गिळते आणि ती घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. परंतु ब्रेक लावल्यावर तिचा मऊ भाग आधी संपतो, आणि मला नेमके तेच नको होते. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच ठेवले. काळजी घेतली ती पातळीची. स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या वरच्या काठापासून ऑइलपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात आणि ते दोन्ही नळ्यांत तंतोतंत सारखे ठेवतात. हे अंतर कमी केले की वर कोंडलेली हवा शेवटच्या टप्प्यात स्वतःच स्प्रिंगसारखी काम करते, आणि फार कमी केले तर फोर्क शेवटाला ताठरतो व सीलवर ताण येतो. मापाच्या भांड्याने ठरावीक मिलिलिटर ओतून मोकळे होणाऱ्या गॅरेजात हे काम देऊ नये, असे माझे मत आहे, कारण जुने ऑइल थोडे आत राहतेच आणि ते दोन्हीकडे सारखेच राहील याची खात्री नसते.

फरक असा की त्याच रस्त्यावर, तेवढाच ब्रेक लावून, टाय आता स्पष्टपणे खाली थांबते. ‘खट्ट’ आवाज पूर्ण बंद झाला असे म्हणणार नाही, पण तो ऐकू येणे आता अपवाद झाला आहे. जे मी अपेक्षिले नव्हते ते चोर्ला उतरताना मिळाले. पूर्वी वळणाआधी ब्रेक लावला की गाडीचे नाक खाली जाई, ब्रेक सोडला की ते वर येई, आणि या वर-खाली होण्यात वळणाची रेषा एकदा तरी दुरुस्त करावी लागे. आता गाडी ज्या उंचीवर वळणात शिरते त्याच उंचीवर बरीचशी राहते. पावसाळ्यात, कणकुंबीच्या पुढे धुके आणि तांबड्या मातीचा राडा असताना, ही स्थिरता मला सीटच्या मऊपणापेक्षा मोलाची वाटते.

मेहुण्यांच्या गाडीवर ‘खट्ट’ आहे तसाच आहे, आणि मला तर तो थोडा वाढल्यासारखा वाटतो. त्याला कारण संभवते. त्यांनी घेतलेले शॉकअप मूळच्यापेक्षा किंचित लांब आहेत. मागची बाजू उचलली गेली की वजन थोडे पुढच्या चाकावर सरकते आणि फोर्कचा कोन अधिक उभा होतो. गाडी वळायला चपळ झाली हे ते आनंदाने सांगतात आणि ते खरेच आहे, पण मऊ फोर्कवरचा भार त्याच हिशेबाने वाढला. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, ती वेगळीच गोष्ट.

दुरुस्तीचाही विचार व्हावा. गॅसच्या शॉकअपची सील गेली तर तो उघडून, ऑइल बदलून, पुन्हा दाबाने नायट्रोजन भरावा लागतो, आणि माझ्या ओळखीच्या बेळगावातल्या कोणत्याही गॅरेजात ती सोय नाही. शॉकअप पार्सलने बाहेर पाठवायचा आणि तोवर जुनी जोडी चढवायची. फोर्कचे तसे नाही. सील, ऑइल, वॉशर इथेच मिळतात आणि काम इथेच होते. माझ्या नव्या स्प्रिंगा मूळच्यापेक्षा आखूड होत्या, वर नळीचे तुकडे बसवावे लागणार होते. उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याने नमुना पाहून दोन तुकडे कापले, दोन्ही टोके काटकोनात घासून दिली आणि चहा होईपर्यंत काम हातात ठेवले. खर्चाचे म्हणाल तर टाकीवाल्या शॉकअपची जोडी पाच आकडी रकमेत जाते आणि स्प्रिंग, ऑइल, मजुरी धरूनही फोर्कचे काम त्याहून बरेच स्वस्तात आटोपते.

तरी ज्यांच्या मागे रोज कोणी ना कोणी बसते, किंवा जे सामान बांधून दूर जातात, त्यांनी माझे ऐकून मागचे काम पुढे ढकलू नये. पुढची स्प्रिंग बदलल्याने मागे बसणाऱ्याला काडीचाही दिलासा मिळत नाही, आणि माझ्या पत्नीने हे मला एकाहून अधिक वेळा, सौम्य शब्दांत, कळवले आहे. पण बहुतेक वेळ एकट्याने चालवत असाल आणि घाट तुमच्या नेहमीच्या वाटेवर असेल, तर मी आधी पुढचे काम करायला सुचवेन. ते झाल्यावर मागचा प्रीलोड आपल्या वजनाला साजेल इतका उतरवून महिनाभर गाडी चालवून पाहावी. माझ्या बाबतीत मागच्या तक्रारीचा काही भाग तेवढ्यानेच कमी झाला. उरलेल्यासाठी गॅसचे शॉकअप घ्यायचेच ठरले, तर दोन्ही बोल्टांच्या केंद्रांमधले अंतर मूळच्याइतकेच असलेली जोडी मागावी, बुशचे माप आधी व्हर्निअरने घेऊन ठेवावे, आणि मूळ जोडी भंगारात न देता तेल लावून गुंडाळून ठेवावी. नवी दुरुस्तीला गेली की तीच लागते.