सांबाचा स्टँडअलोन सर्व्हर, पासवर्ड सांभाळणारीच्या नजरेतून

डोमेन नाही, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी नाही, म्हणजे अनेक मशीनची खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्थाच नाही. एकच लिनक्स सर्व्हर आणि त्यावरचे शेअर फोल्डर वापरणारी मोजकी माणसं. अशा एकट्या, म्हणजे स्टँडअलोन सर्व्हरवर मी वर्षानुवर्षं सांबाच बसवत आले आहे, आणि पुढेही तोच बसवीन. लिनक्सवरचे फोल्डर विंडोजच्या मशीनना नेटवर्कवरून वापरू देणं हे त्याचं काम. 1992 पासून चालत आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर फाइलींच्या बाबतीत किती भरवशाचं आहे, हे वेगळं सांगायला नको. पण सर्व्हर एकदा उभा राहिला की माझा वेळ फाइलींवर जात नाही, पासवर्डवर जातो. म्हणून त्याबद्दलच लिहिते.

नव्याने सांबा बसवणारा बहुतेक जण पहिल्यांदा अडतो तो इथे: लिनक्सचा पासवर्ड सांबाला चालत नाही. लिनक्सवर खातं असावंच लागतं, नाहीतर सांबा तो युजर जोडूनच घेत नाही. पण पासवर्ड तो स्वतःच्या पासडीबी डॉट टीडीबी या फाइलमध्ये वेगळा ठेवतो. याला कारण आहे. विंडोजच्या एनटीएलएम या ओळख पटवण्याच्या पद्धतीला पासवर्डवरून काढलेला जो सांकेतिक आकडा, म्हणजे हॅश लागतो, तो लिनक्सने ठेवलेल्या हॅशवरून काढताच येत नाही. दोन्ही पासवर्ड जुळते ठेवायला ‘युनिक्स पासवर्ड सिंक’ नावाची सोय आहे, पण ती एकाच दिशेने चालते. सांबातला बदल लिनक्सकडे जातो, लिनक्समधला सांबाकडे येत नाही. मी ती वापरतच नाही. शेअरपुरत्याच येणाऱ्या माणसांची लिनक्स खाती मी लॉगिन शेल न देता उघडते, म्हणजे त्यांना सर्व्हरवर थेट लॉगिन करता येत नाही. मग त्यांच्यापुरता एकच पासवर्ड उरतो आणि गोंधळच होत नाही.

रोजच्या कामाला एसएमबीपासडब्ल्यूडी ही कमांड पुरते: खातं जोडा, बंद करा, पुन्हा चालू करा. पण माझी खरी आवडती कमांड पीडीबीएडिट. एखाद्याचं खातं तिच्यात उघडलं की पासवर्ड शेवटचा कधी बदलला, चुकीचा किती वेळा टाकला गेला, खात्यावर कुठले झेंडे (बंद, लॉक अशा खुणा) लागलेत, सगळं एका पानात दिसतं. ‘मी पासवर्ड बदललाच नाही’ असं कुणी ठामपणे सांगत असेल तर वाद घालावा लागत नाही, तारीख समोर असते.

आता मुख्य मुद्दा. पासवर्ड बदलला किंवा खातं बंद केलं म्हणजे माणूस बाहेर गेला, असं सांबात होत नाही. आधीच जोडलेलं सेशन तसंच चालू राहतं. कुणी नोकरी सोडून जातो, तुम्ही त्याचं खातं बंद करता, आणि त्याच्या लॅपटॉपवर शेअरला जोडलेला ड्राइव्ह उघडाच असतो. म्हणून खातं बंद केल्यावर लगेच एसएमबीस्टेटस ही कमांड चालवा. प्रत्येक जोडणीसमोर तिचा प्रोसेस क्रमांक दिसतो. सांबा प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी प्रोसेस चालवतो, त्यामुळे तेवढी एक थांबवली तर बाकीच्यांचं काम अडत नाही. ही पायरी माझ्या लेखी ऐच्छिक नाही, खातं बंद करण्याचाच ती भाग आहे.

उलट बाजू विंडोजची. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो आणि मॅप केलेला ड्राइव्ह तोच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. सांबात चुकीच्या पासवर्डवर खातं लॉक करण्याचा नियम मुळात बंद असतो. तो चालू करणं चांगलंच, पण मग हेच जुने प्रयत्न मोजले जातात आणि बिचाऱ्या वापरणाऱ्याने काही टाइप न करताच त्याचं खातं लॉक होतं. त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे: आधी त्याच्या मशीनवरची साठवलेली नोंद काढायची, ड्राइव्ह तोडायचा, मगच सर्व्हरवर पासवर्ड बदलायचा. आणि एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन नावांनी जोडायला गेलं तर विंडोज 1219 क्रमांकाची एरर देतं. तेव्हा पासवर्ड तपासत बसू नका, जुनी जोडणी शोधा.

पासवर्डची मुदत सांबात आपोआप संपत नाही, आणि मला हे पटतं. विंडोजच्या लोकल खात्यांना मूळ सेटिंगमध्ये 42 दिवसांची मुदत असते. जो माणूस त्या मशीनवर कधी बसतच नाही, फक्त शेअर वापरतो, त्याला आधी सूचना दिसणार कुठे? एका सकाळी ड्राइव्ह उघडत नाही, एवढंच त्याला कळतं.

कमतरता आहेतच. किमान लांबी मुळात फक्त 5 अक्षरांची आहे, ती पहिल्याच दिवशी वाढवा. साठवलेला एनटी हॅश, म्हणजे वर सांगितलेला एनटीएलएमचा हॅश, सॉल्टशिवाय असतो, म्हणजे त्यात प्रत्येकासाठी वेगळी भर घातलेली नसते: दोघांचा पासवर्ड सारखा असेल तर हॅशही सारखाच. शिवाय तो हॅश हाती लागला तर मूळ पासवर्ड न कळताही आत शिरता येतं. म्हणून पासडीबीचा बॅकअप कुठे पडलाय याकडे नीट लक्ष द्या; साध्या फाइलींच्या बॅकअपमध्ये तो जाता कामा नये. ‘मॅप टू गेस्ट’ हे सेटिंग ‘बॅड पासवर्ड’वर ठेवू नका. चुकीचा पासवर्ड टाकणारा मुकाट्याने पाहुणा म्हणून आत येतो आणि स्वतःचाच फोल्डर का उघडत नाही म्हणून तुम्हाला फोन करतो.

सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की सामान्य माणसाला आपला पासवर्ड आपणच बदलायला साधं पान नाही. स्वॅट नावाचं वेब पान होतं, ते 4.1 आवृत्तीपासून काढून टाकलं. लिनक्स वापरणारा एसएमबीपासडब्ल्यूडीला सर्व्हरचं नाव देऊन दुरून बदल करू शकतो. बाकीचे माझ्या टेबलाशी येतात.

एका सर्व्हरपर्यंत हे सगळं हाताने निभतं. दुसरा आला की प्रत्येक माणसाचा पासवर्ड दोन ठिकाणी बदलावा लागतो, सोडून गेलेल्याचं खातं दोन ठिकाणी बंद करावं लागतं, आणि एक जागा राहून जाते. तिथे स्टँडअलोनचा हट्ट सोडा. 2012 मध्ये आलेल्या 4.0 पासून सांबा स्वतःच अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळी खाती एका जागी सांभाळणारा सर्व्हर होऊ शकतो, तो उभा करा आणि दोन्ही सर्व्हर त्याला जोडा.