व्हॅक्यूम लाइन ‘साफ’ करून देतो म्हणाला आणि 1,160 डॉलरची टोपी घातली

गाडी 2003 ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, 1.8 टी, एडब्ल्यूपी इंजिन, अमेरिकन मॉडेल. ज्यांच्याकडे हे इंजिन आहे त्यांना इनटेक मॅनिफोल्डखालचा (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांखालचा) व्हॅक्यूमच्या नळ्यांचा गुंता सांगायला नको. वीस वर्षांचं रबर, हात लावला की बिस्किटासारखं तुटतं. मेकॅनिककडे मी मागितलं होतं एवढंच: जुन्या नळ्या काढून नव्या टाक, एन249 (डायव्हर्टर व्हॉल्व्ह चालवणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बायपास कर. सेकंडरी एअरचा पंप (थंड स्टार्टला धूर कमी व्हावा म्हणून एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलणारा) काढ असं मी म्हटलेलं नाही. ते त्याने गळ्यात मारलं. “सगळं एकदमच साफ करू, कोड फाइलमधून बंद करतो, इन्स्पेक्शनला कुणाला कळणारही नाही.”

किट 340, मजुरी सहा तास 95 ने 570, ‘फाइल’, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं बदललेलं सॉफ्टवेअर, 250. एकूण 1,160. रोखीत. हो, रोखीत. हसा.

एन249 काढणं ही लबाडी नाही, हे आधी सांगतो. तो काढून डायव्हर्टर व्हॉल्व्हची (पाय उचलला की टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी सरळ मॅनिफोल्डला जोडली तर गाडी उत्तम चालते. चोरी पुढे आहे.

नळी मत्स्यालयाच्या पंपाला लावतात तसली पातळ, आत धाग्याची वीण नाही. 15 पीएसआय बूस्टला (टर्बोच्या हवेच्या दाबाला) फुगते, व्हॅक्यूमला चपटी होते. धाग्याची 4 मिमी सिलिकॉन नळी मी नंतर पाच मीटर घेतली, 24 डॉलरला. क्लॅम्प एकही नाही, सगळीकडे झिप टाय. काढलेल्या सोलेनॉइडच्या कनेक्टरला 330 ओहमचा रेझिस्टर लावतात, म्हणजे इसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं कॉइल जागेवर आहे. हिशोब करा: 14 व्होल्टचा वर्ग भागिले 330, म्हणजे जवळजवळ 0.6 वॉट. त्याने टाकला पाव वॉटचा. टेप सोडली तर आत काळा कोळसा, शेजारच्या वायरचं इन्शुलेशन वितळलेलं. 10 वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर लोखंडाला घट्ट बसवतात, टेपमध्ये गुंडाळत नाहीत. कॉम्बी व्हॉल्व्हच्या (पंपाची हवा एक्झॉस्टमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) जागी पत्र्याची पट्टी, गॅस्केटशिवाय. थंड इंजिनला टकटक आवाज यायचा, तो टॅपेटचा नव्हता, एक्झॉस्ट गळत होता.

सगळ्यात महाग पडला क्रँककेस (इंजिनचा खालचा, तेलाचा भाग) आणि मॅनिफोल्डमधला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारा. उलटा बसवला होता. त्याचं काम एकच: व्हॅक्यूम असताना क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डकडे जाऊ द्यायची आणि बूस्ट आला की बंद व्हायचं. उलटा असेल तर आयडलला काहीच जाणवत नाही, गाडी मांजरासारखी गुरगुरते. बूस्ट आला की दाबाची हवा थेट क्रँककेसमध्ये. डिपस्टिक वर उडते, ब्रीदरमधून तेल येतं आणि शेवटी मागचं मेन सील जातं. बसवण्याआधी व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून बघा. क्रँककेसच्या बाजूने फुंकलं तर हवा गेली पाहिजे, मॅनिफोल्डच्या बाजूने नाही. दोन सेकंदांचं काम. ब्रेक बूस्टरच्या नळीवरही असाच एक व्हॉल्व्ह असतो. तो तर ‘साफ’ करू देऊच नका, ब्रेकचं पेडल दगड होतं.

आता ज्या क्षणी कळायला हवं होतं तो क्षण. गाडी ताब्यात घेताना त्याच्या हातात स्कॅनर होता, अजून चालू. चेक इंजिनचा दिवा बंद. मी दिवा बघितला आणि खूश झालो. माझ्या बॅगेत व्हीसीडीएसची (फोक्सवॅगनचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची) केबल होती! ती लावून रेडिनेस, म्हणजे प्रदूषणाच्या कुठल्या चाचण्या गाडीने स्वतः पूर्ण केल्यात ते, बघितला असता तर तिथेच खेळ संपला असता. घरी बघितलं: 01101101. आठ आकडे, 0 म्हणजे चाचणी पूर्ण, 1 म्हणजे बाकी. पाच बाकी, म्हणजे कोड नुकतेच पुसलेले. आणि डावीकडून पाचवा आकडा सेकंडरी एअरचा. फाइलमधून ती चाचणी खरंच बंद केली असती तर तिथे 1 आलाच नसता. 250 डॉलरची फाइल म्हणजे ‘क्लिअर कोड्स’चं एक बटण. तिसऱ्या थंड स्टार्टला पी0411, म्हणजे सेकंडरी एअरच्या बिघाडाचा कोड, हजर.

जुने सुटे भाग परत मागा. माझा पंप, एन249, एन112 (कॉम्बी व्हॉल्व्ह उघडणारा सोलेनॉइड), सगळं “फेकून दिलं” म्हणाला. चालू पंप कुणी फेकत नाही, विकतो.

मग तक्रार. ग्राहक खात्याने सहा आठवड्यांनी कळवलं की कामाचा दर्जा आमच्या कक्षेत येत नाही, पर्यावरणवाल्यांकडे जा. पर्यावरणवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला: बिलावर सही तुमची का? क्लीन एअर ॲक्टखाली रस्त्यावरच्या गाडीचे हे भाग काढणं बेकायदा आहे, हे त्यांनी मलाच समजावून सांगितलं. ज्याने काढले त्याचा पत्ता लिहून घ्यायलासुद्धा तयार नाहीत. पोलिस म्हणाले दिवाणी मामला. बँकेकडे जायची सोय नाही, कारण रोख. इन्स्पेक्शनवाल्याने मात्र तत्परतेने लाल स्टिकर लावला. 2001 आणि त्यापुढच्या मॉडेलला बहुतेक ठिकाणी एकच चाचणी बाकी चालते, माझ्या पाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी संन्यासी नाही, मान्य. पण चोरही नाही.

बिलावर “व्हॅक्यूम काम – पूर्ण” एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. प्रत्येक नळी कुठून कुठे जाते ते लिहून घ्या, आधीचे फोटो ठेवा. काम झाल्यावर टर्बोच्या इनलेटला टोपण लावून 10 पीएसआय हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. व्हीसीडीएसमधल्या ब्लॉक 032 मध्ये (इसीयू इंधन किती टक्के कमीजास्त करतोय ते) दोन्ही आकडे शून्याच्या जवळ हवेत, दहाच्या पलीकडे गेले तर कुठेतरी हवा शिरतेय किंवा गळतेय.

भारतातल्या मंडळींसाठी: पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून सीओ आणि एचसी मोजतो, बॉनेट उघडत नाही, म्हणून तिथे हे ‘डिलीट’ आणखी सहज खपवतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तिथेही आहे.

माझा पुढचा खर्च: वापरलेला पंप 85, नवा कॉम्बी व्हॉल्व्ह 112, एन112 आणि नळ्या 64, गिअरबॉक्स उतरवून मेन सील 780. म्हणजे आणखी 1,041. एकूण 2,201 डॉलर. आणि पंप पुन्हा होता तिथेच बसलाय.